38 गोल केले, एकच खाल्ला!

हर्सूलच्या संग्राहक मंडळींनो, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची जर्मन सिगारेट-चित्रं पाहिलीत का? पाकिटातली कुपनं देऊन ती मिळवायची आणि दोन खंडांच्या अल्बममध्ये चिकटवायची. त्यामुळे सुट्या चित्रामागे जुना गोंद दिसला तर घाबरू नका!

त्याच बर्लिन ऑलिंपिकमधलं हॉकीचं सुवर्ण आपण ध्यानचंदांच्या नावावर जमा करतो, ते ठीकच. पण भारताने स्पर्धेत 38 गोल करून खाल्ला एकच, त्या बचावाचं काय? 15 ऑगस्टला जर्मनीला 8-1 हरवलं तेव्हा फुलबॅक होते कार्लाइल टॅपसेल, 1932 च्या सुवर्णसंघातले अनुभवी. त्यांच्या पुढे हाफबॅक, आपल्या खडकीचे बाबू निमल. महाराष्ट्र त्यांना फारच लवकर विसरला. कुणाकडे निमल यांचा जुना फोटो असेल तर जरूर टाका.