हर्सूलला ट्राउट का नाही, आणि गळ कधी आवरायचा?

आजचा प्रश्न: रील्समध्ये ट्राउट, सॅमन दिसतात, मग आपल्या हर्सूल तलावात का नाहीत?

मुद्दा ऑक्सिजनचा आहे. १० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशाला जेमतेम साडेसात. ट्राउटला थंड, खळाळतं पाणीच लागतं, म्हणून तो काश्मीर, हिमाचल, निलगिरीत. मराठवाड्याच्या उन्हात टिकतात रोहू, कटला, मरळ. मरळ तर वर येऊन थेट हवेतला श्वास घेतो!

मे म्हणजे लग्नसराई. पण दुपारी मासा खोल पाण्यात जातो, त्यामुळे काही बिघडत नाही. मी पहाटे दोन तास गळ टाकतो, कणकेच्या गोळ्या लावून. अक्षतांना वेळेवर हजर! फक्त तलावाचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून आधी परवानगी घ्या.

आता सॅमन. तो अंडी घालायला समुद्रातून नदीत उलटा चढतो. आपल्याकडे पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांत, शेतांत चढतात. हीच वलगण. तेव्हा ते हातानेही सापडतात, पण पोटात अंडी असतात. रोहूच्या एका मोठ्या मादीत तर लाखांवर!

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ओढ्यावर बघायला कोणी नसतं. तिथे आपणच थांबायचं. पाऊस लागला की गळ गुंडाळा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!