मतदाराचा कायदा – भाग 7 : खासदाराविना मतदारसंघ

मागच्या भागात उमेदवारी अर्जाची छाननी पाहिली. या आठवड्याचा विषय पोटनिवडणूक. हा शब्द ऐकला की सहानुभूतीची लाट, घरातला वारस आणि मंत्र्यांचे मुक्काम डोळ्यांपुढे येतात. मला मात्र त्याआधीच्या काळाबद्दल लिहायचे आहे. जागा रिकामी झाली आहे आणि अजून भरलेली नाही, त्या काळात मतदाराचा आवाज सभागृहात नसतो. तो किती दिवस नसावा, हे ठरवायचे कोणी?

नगरकरांना यासाठी दूर जायला नको. 1991 च्या लोकसभा निवडणुकीत नगर दक्षिणेत काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष बाळासाहेब विखे पाटील समोरासमोर आले. विखे 1971 पासून कोपरगावचे खासदार. या वेळी पक्षाने तिकीट नाकारले आणि ते नगरमधून उभे राहिले. सोनईचा मुळा कारखाना एका बाजूला, प्रवरानगर दुसऱ्या बाजूला. गावोगावच्या सोसायट्या आणि दूध संस्थाही त्या निवडणुकीत दोन गटांत वाटल्या गेल्या. निकाल गडाखांच्या बाजूने लागला आणि विखे पाटील निवडणूक याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले.

याचिकेचा गाभा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम 123(4) होता. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल, खरे नाही हे ठाऊक असूनही, त्याचे नुकसान होईल असे विधान प्रसिद्ध करणे हा या कलमाप्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. धोरणावरची टीका, कारभारावरची टीका, अगदी बोचरी असली तरी, यात येत नाही. विखे पाटील पैशाच्या जोरावर निवडणूक लढवत आहेत, पैसे वाटत आहेत, अशा आशयाचा प्रचार सभांतून झाला होता. त्याला आधार नाही आणि तो वैयक्तिक चारित्र्यावरचा हल्ला आहे, असे याचिकेत म्हटले होते.

मार्च 1993 मध्ये उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द ठरवली, विखे पाटलांना विजयी घोषित केले आणि प्रचारातल्या भाषणांबद्दल शरद पवारांवरही ठपका ठेवला. नोव्हेंबर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. गडाखांची निवड रद्द झाली ती झालीच. पवारांवरचा ठपका पुसला गेला. विखे पाटलांना विजयी ठरवणारा भागही टिकला नाही. पराभूत उमेदवाराला थेट विजयी घोषित करायचे, तर भ्रष्ट आचारामुळे मिळालेली मते वजा केल्यावर त्याचे बहुमत होते, हे दाखवावे लागते. एखाद्या भाषणाने किती मते फिरली, हे कोण मोजणार? म्हणून खुर्ची रिकामी झाली, 1994 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे मारुती देवराम शेळके, म्हणजे आपले दादा पाटील शेळके, लोकसभेत गेले. 1996 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

हा निकाल वकिलांना पाठ आहे, तो प्रचाराच्या भाषेसाठी. वरिष्ठ नेत्यांनीच बोलण्याचा दर्जा सांभाळला, तर तो खालपर्यंत झिरपेल, हे न्यायालयाने त्यात आवर्जून सांगितले. मला त्यातल्या तारखा अधिक अस्वस्थ करतात. निवडणूक याचिका शक्यतो 6 महिन्यांत निकाली काढावी, असे हाच कायदा सांगतो. इथे एकट्या उच्च न्यायालयात पावणेदोन वर्षांच्या आसपास गेली. नगर दक्षिणच्या मतदाराने 5 वर्षांसाठी मत दिले होते. त्यातली पहिली अडीच वर्षे निवडीच्या वैधतेच्या वादात सरली आणि नव्या खासदाराच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली. वाद नेत्यांचा होता, वेळ गेला मतदाराचा.

आणि तेव्हा पोटनिवडणूक अमुक दिवसांत घ्यावी, असे बंधन कायद्यात नव्हतेच. ऑगस्ट 1993 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी केंद्र सरकारशी अधिकारांचा वाद सुटेपर्यंत देशातल्या साऱ्या निवडणुका थांबवण्याचा आदेश काढला होता, पोटनिवडणुकांसकट. शेषन यांनी निवडणुकांना शिस्त लावली, याबद्दल मला आदर आहे. पण या आदेशात रिकाम्या मतदारसंघांतला माणूस त्यांच्या विचारात नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

1996 मध्ये कायद्यात कलम 151अ आले. जागा रिकामी झाल्यापासून 6 महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच बाबतींत: सदस्याचा उरलेला काळ 1 वर्षापेक्षा कमी असेल, किंवा या मुदतीत निवडणूक घेणे अवघड आहे असे आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केले असेल.

ही दुसरी सूट किती ताणता येते, ते पुण्याने पाहिले. खासदार गिरीश बापट यांचे 29 मार्च 2023 रोजी निधन झाले. लोकसभेची मुदत 16 जून 2024 पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून अधिक काळ शिल्लक. तरी आयोगाने 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी आणि उरलेला थोडा काळ ही कारणे देऊन पोटनिवडणूक घेतली नाही. एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने आयोगाची कारणे फेटाळली आणि निवडणूक ताबडतोब घ्या असे बजावले. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. शेवटी पुण्याला खासदार मिळाला तो 4 जून 2024 च्या निकालानेच. बाळू धानोरकर यांच्या निधनानंतर चंद्रपूरनेही वर्षभर अशीच वाट पाहिली. अकोला पश्चिममध्ये उलट घडले. आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली आणि नव्या आमदाराला वर्षभरही मिळणार नाही म्हणून नागपूर खंडपीठाने मार्च 2024 मध्ये ती रद्द केली. तीन मतदारसंघ, एकच कलम, आणि तिन्हीकडे मतदार प्रतिनिधीविनाच राहिला.

पोटनिवडणूक घेण्याचा अधिकार सरकारच्याच हाती असेल तर काय होते, हे पाहण्यासाठी आता पॅसिफिक महासागरातल्या तुवालूकडे वळू. लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, संसदेत तेव्हा 15 सदस्य. डिसेंबर 2012 मध्ये अर्थमंत्री लोटोआला मेटिया यांचे निधन झाले आणि नुकुफेताऊ बेटाची जागा रिकामी झाली. तिथे पोटनिवडणुकीची सूचना पंतप्रधानांनी काढायची असते. पंतप्रधान विली तेलावी यांचे बहुमत एका जागेचेच होते, त्यामुळे ती सूचना काही निघेना. मतदार न्यायालयात गेले, न्यायालयाने पंतप्रधानांना निवडणूक घ्यायला लावली आणि जून 2013 मध्ये विरोधकांचे एलिसाला पिटा निवडून आले. आता विरोधक 8 आणि सरकार 7. तेलावींनी संसदेचे अधिवेशन लांबवले. मग त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि आधी ही नवी पोटनिवडणूक होऊ द्या, अशी सरकारची मागणी पुढे आली. अखेर 1 ऑगस्ट 2013 रोजी गव्हर्नर जनरलनी तेलावींना पदावरून दूर केले आणि एनेले सोपोआगा पंतप्रधान झाले.

आपल्याकडे ही किल्ली पंतप्रधानांच्या हाती नाही, स्वतंत्र आयोगाच्या हाती आहे. हा फरक मोठा आहे आणि तो जपला पाहिजे. पण प्रमाणपत्र देण्यापूर्वी आयोग सल्ला घेतो तो केंद्र सरकारचा, ज्याला पोटनिवडणुकीत जिंकण्या-हरण्याची काळजी असते. ज्याचा प्रतिनिधी गेला, त्या मतदाराला विचारण्याची सोय कायद्यात कुठेही नाही. माझ्या मते कलम 151अ मध्ये दोन दुरुस्त्या हव्यात. प्रमाणपत्र कारणांसह महिन्याभरात जाहीर व्हावे, आणि त्या मतदारसंघातल्या कोणाही मतदाराच्या आव्हानावर उच्च न्यायालयाने 30 दिवसांत निर्णय द्यावा.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे: आपल्या भागातली लोकसभेची किंवा विधानसभेची जागा रिकामी झाली, तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, त्यापुढे 6 महिने मोजा. तारीख उलटली आणि निवडणूक नाही, तर आयोगाकडे प्रमाणपत्राची प्रत लेखी मागा. पुढच्या आठवड्यात निवडणूक याचिका: ती उमेदवारच नव्हे, मतदारही दाखल करू शकतो, आणि त्यासाठी निकालापासून 45 दिवस मिळतात.