किल्ली कुणाच्या कनवटीला?

1950च्या दशकात फर्नां रेनो या फ्रेंच विनोदवीराचा एक प्रवेश फार गाजला. पॅरिसमधल्या टपाल कचेरीत एक माणूस फोन लावायला आलेला असतो. त्याला हवा असतो आस्निएरचा 22 नंबर. आस्निएर म्हणजे पॅरिसला खेटून असलेलं उपनगर, पण फोन काही लागत नाही. मागून आलेले लोक परदेशचे नंबर मिळवून, बोलून निघूनही जातात. हा आपला ताटकळतोय. शेवटी वैतागून तो न्यूयॉर्क मागतो आणि तिथल्या ऑपरेटरलाच आस्निएरचा नंबर जोडून द्यायला सांगतो.

10 जून 2025 रोजी फ्रेंच सिनेटमध्ये जे घडलं, ते वाचताना मला हा माणूस आठवला. सरकारी खरेदीची चौकशी करणाऱ्या समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधल्या कायदेविषयक प्रमुखांची साक्ष चालली होती. फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारला डावलून अमेरिकी सरकारच्या हाती जाणार नाही, अशी हमी शपथेवर देता का, असं त्यांना विचारलं गेलं. देता येणार नाही, असं ते म्हणाले. आजवर असं घडलेलं नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मेख आहे ती अमेरिकेच्या 2018च्या ‘क्लाउड’ कायद्यात. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती, सर्व्हर कुठल्याही देशात असला तरी, अमेरिकी यंत्रणांना रीतसर आदेश काढून मागवता येते. पेटी पॅरिसला असली, तरी किल्ली अटलांटिकपलीकडच्या कनवटीला.

युरोपात सध्या ‘डिजिटल सार्वभौमत्व’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. शब्द नवा, दुखणं मात्र साठ वर्षांचं आणि फ्रान्सचं तर खास. 1964मध्ये बुल ही त्यांची नावाजलेली संगणक कंपनी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या हातात गेली. त्याच सुमारास अणुसंशोधनासाठी हवा असलेला सीडीसी 6600 हा महासंगणक फ्रान्सला विकायला अमेरिकेने आडकाठी केली. फ्रान्स हायड्रोजन बॉम्बच्या तयारीत होता, हे कारण उघड होतं. राष्ट्राध्यक्ष द गॉलसारख्या मानी माणसाला हे झोंबणारच. 1966मध्ये ‘प्लॅन काल्क्युल’ ही राष्ट्रीय संगणक योजना जाहीर झाली. सीआयआय नावाची राष्ट्रीय संगणक कंपनी उभी राहिली, पाठोपाठ इरिया ही संशोधन संस्था निघाली. संस्थेला जागा मिळाली पॅरिसजवळ रोकांकूरला, नाटोचं लष्करी मुख्यालय जिथून नुकतंच हलवायला लावलं होतं तिथेच. सूचक योगायोग! पण सीआयआयने सुरुवातीला विकलेलं 10070 हे यंत्र मुळात अमेरिकी एसडीएस कंपनीचं सिग्मा 7, परवाना घेऊन बनवलेलं. स्वाभिमानाचं बारसं उसन्या पाळण्यात झालं म्हणायचं.

पुढे सीमेन्स आणि फिलिप्सला सोबत घेऊन 1973मध्ये ‘युनिडेटा’ या सामायिक संगणक उद्योगाचा घाट घातला गेला. दोनच वर्षांत फ्रान्समध्ये सरकार बदललं, धोरण फिरलं आणि सीआयआयची गाठ हनीवेल-बुलशी, म्हणजे पुन्हा अमेरिकी भागीदाराशी, मारली गेली. युरोपीय साथीदार हात चोळत राहिले.

मला खरी हळहळ वाटते ती लुई पूझॅं यांच्याबद्दल. 1971पासून इरियात त्यांनी ‘सिक्लाद’ हे संगणकांचं जाळं उभारलं. कल्पना साधी आणि धाडसी होती: माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि वाट ज्याची त्याने शोधायची. तुकडे पोचले का, क्रमाने लागले का, हे बघायचं दोन टोकांच्या संगणकांनी. मधलं जाळं साधंच ठेवायचं. टपाल-तार खात्याला हे पसंत पडेना. त्यांच्या डोक्यात ट्रंक कॉल होता: आधी वाट बांधून घ्यायची, ती खात्याच्या ताब्यात, बिलही खात्याचं. 1978मध्ये खात्याचं ‘ट्रान्सपॅक’ सुरू झालं आणि सिक्लादचा पैसा आटत गेला. तोवर विंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकनांनी पूझॅंच्या कल्पनेतून घ्यायचं ते घेऊन इंटरनेटचा पाया घातला होता. आपल्या दारातलं झाड आपणच तोडलं आणि पुढे सावलीचं भाडं भरत बसले. 2013मध्ये ब्रिटनने अभियांत्रिकीचा क्वीन एलिझाबेथ पुरस्कार इंटरनेट आणि वेबच्या पाच शिल्पकारांना दिला, त्यांत पूझॅं होते.

ट्रान्सपॅकच्या खांद्यावर मिनिटेल उभं राहिलं, आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. टेलिफोन खात्याने 1982पासून छापील डिरेक्टरीऐवजी घरोघरी छोटा पडदा आणि कळफलक फुकट वाटला. रेल्वेची तिकिटं, बँकेचं खातं, आणि ‘गुलाबी मिनिटेल’ म्हणून गाजलेल्या चावट गप्पा, सगळं त्यावर. पैसे फोनच्या बिलात लागायचे, सेवा देणाऱ्याला त्याचा वाटा मिळायचा. गिऱ्हाईक आधी तयार केल्यामुळे धंदे आपोआप आले. 30 जून 2012 रोजी ते बंद झालं. सारी वाट खात्याच्या फाटकातून जात असल्याने फ्रान्सबाहेर ते पसरलं नाही.

युरोपचं जे जगभर पसरलं, ते यंत्र नव्हतं, नियमावली होती. 1987मध्ये कोपनहेगनला 13 देशांतल्या टेलिफोन संस्थांनी जीएसएम या सामायिक पद्धतीवर सह्या केल्या. यंत्र कुणीही बनवा, बोलणं एकमेकांशी झालं पाहिजे, एवढंच ठरलं. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला भारतातला पहिला मोबाइल कॉल याच पद्धतीवरचा.

एवढं होऊन 2012मध्ये पॅरिसने पुन्हा ‘आपला क्लाउड’ काढला. तोही एक नव्हे, दोन! क्लाउडवॉट आणि न्युमर्जी, दोघांना सरकारकडून प्रत्येकी साडेसात कोटी युरो जाहीर झाले. गिऱ्हाईकं फिरकली नाहीत. न्युमर्जी एसएफआर या टेलिफोन कंपनीच्या पोटात गेली, क्लाउडवॉट 2020मध्ये मिटली. खुद्द सरकारने आरोग्यविषयक माहितीचं राष्ट्रीय कोठार ठेवायला निवडलं ते मायक्रोसॉफ्टचं अझूर. घरच्या दुकानातून घरधनीच सामान नेत नसेल तर शेजाऱ्यांनी का न्यावं? मग जर्मनीच्या जोडीने गाया-एक्स हा युरोपीय क्लाउडचा उपक्रम आला. इथे विचार सुधारला होता: कंपनी काढायची नाही, नियम ठरवायचे. पण सभासदांच्या यादीत अमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्टही येऊन बसले, आणि 2021मध्ये स्केलवे ही संस्थापक फ्रेंच कंपनीच बाहेर पडली.

भाषणबाजी न करता काम चाललंय ते उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात. 2024मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुमारे 30 हजार सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. ऑक्टोबर 2025पर्यंत 40 हजारांहून जास्त मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर हलवले गेले. बदलताना कुरकुर झाली, न्यायाधीशही वैतागले. आणि वर्षानुवर्षं वर्ड-एक्सेलला बांधून लिहून घेतलेले खात्याखात्यांचे खास प्रोग्राम अजून सुटायचे आहेत. ते एकेक करून उकलत बसावं लागतंय.