बेडकांसाठी तळं : थोडं सिव्हिल, थोडं बायॉलॉजी

आपल्या शहापूरच्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे गावतळं साफ करायला कुणाचीच ना नसते. पण ते ‘कसं’ साफ करायचं, हे मी सिव्हिलवाली म्हणून सांगणार आहे. बेडकांच्या बाजूने!

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाणी झाकलं की ऊन आत जात नाही, मग शेवाळ वाढत नाही. आणि शेवाळ म्हणजे बऱ्याच बेडूकमाशांची मेस! वर कुजणारी पानं पाण्यातला ऑक्सिजन खातात.

मग जेसीबी लावून सगळं खरवडायचं? थांबा. उन्हाळ्यात बरेच बेडूक चिखलात नाहीतर बिळात दडलेले असतात. म्हणून यंदा अर्धं तळं, पुढच्या वर्षी उरलेलं. काम पहिल्या पावसाआधी संपवायचं. काढलेली जलपर्णी एक-दोन दिवस काठावरच ठेवायची, म्हणजे अडकलेले जीव परत पाण्यात जातात. नंतर तिचं खत करा.

आता डिझाइन. २०२२ च्या अमृत सरोवर योजनेत तळ्यासाठी किमान एक एकर जागा आणि १०,००० घनमीटर पाणी असा निकष होता. साठ्यासाठी खोली हवीच. पण पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक अंडी घालतो ती उथळ पाण्यात. उभ्या दगडी भिंतीवरून त्याची इवली पिल्लं बाहेर येणार कशी? म्हणून मध्ये खोल ठेवा, पण एक काठ मातीचा, हळूहळू उतरणारा असू द्या. पाण्यावर झुकलेल्या चार फांद्याही राहू द्या. झाडावरचे बेडूक तिथे फेसाचं घरटं करतात, पिल्लं थेट पाण्यात पडतात.

मासे सोडायची घाई नको. गप्पीसुद्धा अंडी आणि छोटे बेडूकमासे खातात. मे महिन्यात आटणारं डबकं आपल्याला फुकट वाटतं, पण तिथे मासे टिकत नाहीत, म्हणून बेडकांना तेच सेफ! तेव्हा मोठ्या तळ्याशेजारचं डबकं बुजवू नका.

एवढा खटाटोप कशाला? भातावरचे किडे बेडूक खातात, पगार न घेता. तंगड्यांसाठी त्यांची बेसुमार पकड व्हायची, म्हणून १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली. निर्यात बंद करणं कायद्याला जमलं, पण अंडी घालायला जागा ठेवणं आपल्याच ड्रॉइंगवर अवलंबून आहे.