कोणता रकाना कोणी भरायचा?

मुक्त स्रोत प्रकल्पाच्या इश्यू ट्रॅकरचे मॉकअप चर्चेला आले की बोलणं हटकून बटणांच्या रंगावर, कडेच्या पट्टीवर आणि यादीतल्या दोन ओळींमधल्या अंतरावर जातं. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या नाहीत, पण ट्रॅकर लोकांच्या उपयोगी पडतो की नाही हे त्यांवरून ठरत नाही. बग नोंदवायला आलेला वापरकर्ता आणि त्या नोंदी निस्तरणारा मेंटेनर, दोघेही बहुतेकदा पदरचा वेळ देत असतात. पडद्यावरचा प्रत्येक रकाना या दोघांपैकी कुणावर तरी काम टाकतो, आणि रिकामी सोडलेली जागाही टाकते. ही वाटणी कागदावर करून पाहता येते तोवरच ती स्वस्तात बदलता येते. म्हणून मॉकअपची पारख दिसण्यावर करण्याआधी या वाटणीवर करायला हवी.

बगझिलाच्या नोंदणी-फॉर्मकडे जवळून पाहिलं तर हे लगेच कळतं. १९९८ मध्ये टेरी वाइसमन यांनी लिहिलेला हा ट्रॅकर मोझिला प्रकल्पाबरोबर खुला झाला आणि पुढे असंख्य प्रकल्पांनी उचलला. त्याच्या पूर्ण फॉर्मवर प्रॉडक्ट, कम्पोनंट, व्हर्जन, हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, सिव्हिॲरिटी, प्रायॉरिटी, हा बग कोणाकडे सोपवायचा, तो कोणत्या बगवर अवलंबून आहे, असे रकाने एकाखाली एक येतात. सिव्हिॲरिटी म्हणजे बग किती घातक; तिचे मूळ पर्यायच ब्लॉकरपासून एन्हान्समेंटपर्यंत सात. प्रायॉरिटी म्हणजे तो कधी हाती घ्यायचा. पहिल्या प्रश्नाला वापरकर्ता निदान आपल्यापुरतं उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याचं उत्तर फक्त टीमपाशी असतं. छपाई अडली आहे एवढंच ज्याला ठाऊक, त्याने दोष कोणत्या कम्पोनंटमध्ये आहे हे कुठून सांगावं? आपल्याकडच्या सरकारी अर्जाच्या तळाशी ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ अशी चौकट असते आणि अर्जदार तिला हात लावत नाही. इथे ती चौकटच पुसली गेली होती. बगझिलाने पुढे प्रगत रकाने सुरुवातीला झाकून ठेवायची सोय केली, ती ही चौकट पुन्हा आखण्यासाठीच, असं म्हणता येईल.

यावर अनुभवी मेंटेनरचा आक्षेप ठरलेला असतो: फॉर्म किचकट असलेलाच बरा, कचरा आपोआप गाळला जातो. गाळणी लागते हे खरं, पण किचकटपणा चांगली नोंद आणि वाईट नोंद यांत भेद करत नाही. तो चिकाटीचा माणूस आणि घाईतला माणूस यांत भेद करतो. ज्याचा प्रोग्राम ऐन कामात बंद पडला, त्याच्याकडे नेमका पुरावा असतो आणि वेळ नसतो. तो निघून जातो. जो थांबतो, तो न कळणाऱ्या रकान्यात डीफॉल्ट तसंच सोडतो किंवा लक्ष वेधण्यासाठी ‘क्रिटिकल’ निवडतो. मग भरलेल्या रकान्यांवर विश्वास ठेवता येत नाही आणि मेंटेनरला सगळं नव्याने तपासावं लागतं. म्हणजे काम दोघांनीही केलं, आणि त्यातलं एकाचं वाया गेलं.

तर मग रकानेच काढून टाकावेत का? तोही प्रयोग होऊन गेला आहे. गिटहबवर शीर्षक आणि मजकूर एवढ्या दोनच जागा देऊन लोकांना भराभर नोंदी करता येत होत्या. जानेवारी २०१६ मध्ये अनेक खुल्या प्रकल्पांच्या मेंटेनरांनी गिटहबला जाहीर पत्र लिहिलं. बग पुन्हा कसा घडवायचा, आवृत्ती कोणती, ही माहितीच नोंदींत नसते आणि चर्चेत नुसत्या ‘+१’ची रांग लागते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी गिटहबने नोंदींसाठी टेम्प्लेट आणि प्रतिसादाची चिन्हं आणली. कोऱ्या चौकटीने वापरकर्त्याचं ओझं उतरवलं, पण ते उचलून मेंटेनरच्या डोक्यावर ठेवलं.

यातून सुटण्याचा रस्ता रकान्यांची संख्या कमी-जास्त करण्यात नाही. डेबियनचा बग ट्रॅकर १९९४ पासून ईमेलवर चालतो. तरी त्याच्या जोडीचा रिपोर्टबग हा प्रोग्राम पॅकेजची आवृत्ती आणि ते ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजांची माहिती स्वतः गोळा करतो, आणि आधीच्या नोंदी आधी दाखवतो. बगझिलाच्या ४.० आवृत्तीत, २०११ मध्ये, शीर्षक टाइप करतानाच मिळत्याजुळत्या नोंदी खाली दिसू लागल्या. दोन्हीकडे यंत्राला जे कळतं ते माणसाला विचारलेलं नाही. मॉकअपमध्ये म्हणूनच प्रत्येक रकान्याशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात: हा कोण भरणार, आणि पुढे कोण वाचणार. भरणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर रकाना मेंटेनरच्या पडद्यावर न्यावा, यंत्राला माहीत असेल तर त्याच्याकडे सोपवावा, वाचणारा कुणीच नसेल तर खोडून टाकावा.

ही परीक्षा खरी व्हायची तर मॉकअपमध्ये खरा माल हवा. ‘लॉगिन बटण चालत नाही’ असं आटोपशीर शीर्षक, तीन लेबलं आणि दोन प्रतिक्रिया घेऊन काढलेली चौकट नेहमीच देखणी दिसते. खऱ्या ट्रॅकरमध्ये कुणी शीर्षकात एरर मेसेज अख्खा चिकटवतो, कुणी नुसतं ‘हेल्प’ लिहितो, मजकुरात शेकडो ओळींचा लॉग असतो आणि कामाचं वाक्य त्याच्या तळाशी. शीर्षक देवनागरीत आलं तर इंग्रजीपुरत्या मोजलेल्या ओळीत वेलांटीचा माथा किंवा उकाराचं टोक कापलं जातं. खुल्या प्रकल्पात यासाठी कुणाची परवानगी काढावी लागत नाही. सुरक्षेसंबंधी राखून ठेवलेल्या सोडल्या तर नोंदी सर्वांसमोरच असतात. नाव-पत्ते पुसून त्यांतल्या सर्वांत बेढब नोंदी मॉकअपमध्ये घालाव्यात.

शेवटचा आक्षेप प्रोग्रामरांचा: चित्रं कशाला, कोड दाखवा. कोडमध्येच खरं वर्तन दिसतं, पडद्याचा वेग मॉकअपमधून कळत नाही, हे मान्यच आहे. पण ट्रॅकरमधला रकाना एकदा चालू झाला की त्यात लोकांची माहिती साठते, तिच्यावर शोध आणि अहवाल बेततात, आणि मग तो हलवणं जड जातं. बगझिला ४.० ने ‘न्यू’ आणि ‘असाइन्ड’ऐवजी ‘कन्फर्म्ड’ आणि ‘इन प्रोग्रेस’ या अवस्था आणल्या, त्या फक्त नव्याने बसवणाऱ्यांसाठी डीफॉल्ट म्हणून. जुन्यांना जुना क्रम ठेवण्याची मुभा होती आणि बदलायचाच असेल तर वेगळी स्क्रिप्ट चालवावी लागत होती. चित्रात हाच बदल दोन शब्द खोडून झाला असता. म्हणून मॉकअप ट्रॅकरमध्येच एक नोंद म्हणून टाकावा आणि कोणता रकाना का वगळला याची कारणं त्याखाली लिहावीत. खुल्या प्रकल्पात आज निर्णय घेणारी माणसं उद्या असतीलच असं नाही. नंतर येणारा प्रायॉरिटीचा रकाना पुन्हा मागेल, तेव्हा त्याला नुसता नकार देऊन भागणार नाही.