मेक्सिकोला मोटारीने : कोणत्या पुलावरून?

गेल्या मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि आम्ही अम्मींना घेऊन अमेरिकेत, टेक्सासमधील सॅन अँटोनियोला धाकट्या भावाकडे गेलो. तेथून मेक्सिकोतील मॉन्तेरे शहर मोटारीने एका दिवसाच्या टप्प्यात आहे. आमचा भाचा तिथे कारखान्यात नोकरीला आहे आणि त्याला नुकतीच मुलगी झाली होती. अम्मींचे वय ७६. "पणतीला मांडीवर घेतल्याशिवाय मी वतनला परतणार नाही," असे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकले.

आम्हाला वाटले, नकाशा पाहायचा आणि निघायचे. सॅन अँटोनियोहून पस्तीस क्रमांकाचा महामार्ग सरळ दक्षिणेला लारेडोला जातो. अंतर सुमारे २५० किलोमीटर. तिथे रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिको, आणि पुढे मॉन्तेरेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर. पण लारेडोजवळ मोटारींचे पूल एक नव्हे, चार आहेत. त्यातला एक फक्त मालाच्या ट्रकसाठी. दोन भर शहरात असून ते थेट नुएवो लारेडो शहरात उतरतात. चौथा शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला तीसेक किलोमीटरवर आहे. त्याचे नाव कोलंबिया पूल. (दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाशी त्याचा काही संबंध नाही, पलीकडच्या वस्तीचे ते नाव आहे.)

भावाचे मत शहरातील पुलाच्या बाजूने होते, कारण तोच जवळचा. भावजयीने मात्र आधी अमेरिकी परराष्ट्र खात्याचा प्रवासइशारा उघडला. नुएवो लारेडो ज्या तामाउलिपास राज्यात आहे, त्याला 'प्रवास करू नका' ही सर्वांत कडक श्रेणी होती. "आपा, अम्मी सोबत आहेत. अर्धा तास जास्त गेला तर गेला," ती म्हणाली. कोलंबिया पूल नुएवो लेओन राज्यात उतरतो, म्हणजे मॉन्तेरे ज्याची राजधानी आहे त्याच राज्यात. या राज्याची टेक्सासशी सीमा जेमतेम पंधरा किलोमीटरची, तिच्यावर हा एकच पूल, १९९१ मध्ये सुरू झालेला. लारेडो शहरात न शिरता, अलीकडेच महामार्ग सोडून एका रस्त्याने तिथे पोहोचता येते. एक पथ्य मात्र आहे : हा पूल रात्रभर उघडा नसतो. आमचा नियम तसाही दिवसाउजेडी प्रवास संपवण्याचा होता. पलीकडे रस्त्यावर जनावरे येतात, आणि गावाच्या तोंडाशी 'तोपे' नावाचे गतिरोधक असे असतात की मोटारीचा तळच घासला जातो.

पूल ठरला, पण आमची गाडी अडली ती कागदांवर.

सीमेलगतचा वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा ओलांडून आत जायचे तर मोटारीला मेक्सिकोचा तात्पुरता आयात परवाना लागतो. (पश्चिमेकडील बाहा कॅलिफोर्नियात आणि सोनोराच्या काही भागात तो लागत नाही, पण ते आमच्या वाटेवर नव्हते.) परवान्यासाठी अनामत ठेवावी लागते : २००७ किंवा नंतरच्या मोटारीला ४०० डॉलर, २००१ ते २००६ च्या मोटारीला ३००, त्याहून जुनीला २००. मोटार कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचे संमतिपत्रही हवे. भावाची नवी मोटार कर्जावर. बँकेला फोन झाले, पत्रे झाली; उत्तर एकच, "काम चालू आहे." आठ दिवस गेले. इकडे आमची सुटी संपत आली. अम्मी रोज सकाळी विचारायच्या, "आज निघायचे का?" आणि आम्ही नजर चुकवायचो.

शेवटी भावजयीची २००६ ची जुनी मोटार काढली. तिच्यावर कर्ज नव्हते. पण परवाना मोटारमालकाच्या नावावर होतो, म्हणून मालकीणबाईंनाही सोबत येणे भाग. तिने दोन दिवसांची रजा काढली. मोटारीचा एसी अधूनमधून चालत होता आणि मे महिन्यातले टेक्सास म्हणजे आपला विदर्भच.

आमच्या पासपोर्टचे काम तुलनेने सोपे निघाले. भारतीयांना मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर वेगळा घ्यावा लागत नाही. तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, एवढे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे, नाहीतर जाणे होईल आणि परतणे अडेल. मोटारीचा अमेरिकी विमा पलीकडे चालत नाही. मेक्सिकन विमा आधीच घ्यावा. तो नसताना अपघात झाला तर चालकाला अटकाव होऊ शकतो.

पुलापलीकडे फलक दिसला, 'आदुआना'. म्हणजे जकात. भाचा फोनवर अर्थ सांगत होता आणि उर्दू शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला हसू आले. हा तर आपला 'दीवान'! फारसीतून अरबीत, अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेला शब्द तिथे उन्हात उभा होता. परवान्याची खिडकी पुलालगतच होती. काचेवर चिकटपट्टी लागली, आणि आम्ही टोलच्या महामार्गाला लागलो. मेक्सिकोत टोलच्या रस्त्याला 'कुओता' आणि फुकटच्या रस्त्याला 'लिब्रे' म्हणतात. पैसे वाचवण्याच्या मोहात पडू नये, कुओताच घ्यावा. टोलसाठी पेसो सुटे ठेवावेत. मोटार बंद पडलीच तर 'हिरवे फरिश्ते' नावाची सरकारी मदतगाडी ०७८ क्रमांकावर बोलावता येते. खाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवावे : साध्या दिसणाऱ्या राजमा-उसळीत आणि गव्हाच्या रोटीत डुकराची चरबी असू शकते. तिला 'मान्तेका' म्हणतात. हा एक शब्द आम्ही पाठ केला आणि दशम्यांचा डबा सोबत ठेवला.

संध्याकाळी मॉन्तेरेच्या डोंगरांमागे सूर्य जाण्यापूर्वी पणती अम्मींच्या मांडीवर होती.

परतताना त्याच पुलावरून आलो. परवाना रद्द करून काचेवरची पट्टी काढून घेतली नाही तर अनामत बुडते, आणि ती खिडकी ओलांडून एकदा अमेरिकेत शिरलात की पुन्हा मेक्सिकोत जावे लागते. भावजयीने पावती हातात येईपर्यंत गाडी सुरूच करू दिली नाही.

बँकेचे संमतिपत्र आम्ही मुंबईला पोहोचल्यावर चार दिवसांनी आले.