इंजिनाचा मुहूर्त

लग्नघटिका भरत आली की मांडवातील सारेच सावध होतात. मुहूर्त टळू नये, याची केवढी काळजी! शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनालाही असाच एक मुहूर्त मिनिटाला शेकडो वेळा साधावा लागतो. तो चुकला की भुर्दंड डिझेलच्या आणि दुरुस्तीच्या खर्चात भरावा लागतो; दोष मात्र बहुधा इंजिनाच्या वयाला दिला जातो.

गेल्या वर्षी रब्बीच्या तोंडावर गावी गेलो, तेव्हा थोरल्या काकांच्या अंगणात त्यांचा जुना एच.एम.टी. २५११ उभा होता. दोन सिलिंडरचा, पंचवीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर. चेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या तंत्रसाहाय्याने हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून अशा ट्रॅक्टरांची निर्मिती सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आज या ट्रॅक्टरांची भिस्त आहे ती जाणत्या मिस्त्रींवर आणि जपून ठेवलेल्या माहितीपुस्तिकेवर.

काकांचा ट्रॅक्टर चढाला दम टाकत होता. धूर वाढला होता, पाणी लवकर तापत होते. तालुक्याच्या एका दुकानाने पिस्टन-लायनरसह संपूर्ण इंजिनकाम सुचवले होते आणि त्यासाठी कर्ज काढण्याचा काकांचा विचार चालला होता. ‘‘म्हातारा झाला रे तो, माझ्यासारखाच,’’ ते म्हणाले. शेजारगावच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘अण्णा, मागच्या हंगामात डिझेलपंप उतरवला होता ना? बसवताना खुणा जुळवल्या होत्या का?’’

थोडे आधी, पण किती आधी?

इंधन पेट घेते ते क्षणार्धात. पण त्या क्षणार्धालाही काही अवधी लागतोच. पिस्टन अगदी माथ्यावर पोहोचल्यावर ज्वलन सुरू केले, तर दाब पुरता वाढेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो आणि बळ वाया जाते. म्हणून ज्वलनाची सुरुवात माथ्याच्या काही अंश अलीकडे करावी लागते. यालाच टायमिंगचा ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. कोव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेल्या फर्ग्युसन टी.ई.२० या ट्रॅक्टरच्या पेट्रोल व केरोसीन इंजिनांत हे काम ठिणगी करी. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून तिची वेळ जुळवली जाई. आपल्याकडील डिझेल ट्रॅक्टरांत ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो, तोच मुहूर्त.

इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे, म्हणजेच ९००० अंश होतात. वीस अंशांचे अंतर कापायला सेकंदाचा ४५० वा भागही पुरतो. एवढ्याशा अवधीत दोन-चार अंशांची चूकही जाणवते.

फवारा उशिरा सुटला, तर वरातीमागून घोडे! इंधन अर्धवट जळते, धूर वाढतो, इंजिन तापते, ओढ कमी होते. फार लवकर सुटला, तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दाब पडतो, इंजिन कर्कश ठोकते. पिस्टन, बेअरिंग आणि हेड गॅस्केटवर ताण येतो. ‘जरा अलीकडे घेतले की ताकद वाढते’ हा समज म्हणूनच घातक आहे.

खूण आणि थेंब

मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासले, कारण धुराचे मूळ तिथेही असू शकते. मग गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, ब्रेक लावून त्यांनी पंपाकडे मोर्चा वळवला. पहिल्या सिलिंडरची नळी काढली, डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग उतरवली आणि तिथे वाकडी नळी बसवली. थ्रॉटल पूर्ण उघडून, पंपाला डिझेल चालू ठेवून, पिस्टन दाबाच्या धावेत वर येईल अशा बेताने इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने सावकाश फिरवू लागले. नळीतून वाहणारी धार बारीक होत गेली आणि थेंबावर आली. ‘‘थांबा!’’ थेंबही तुटण्याच्या बेतात येतो, तो फवारणीच्या आरंभाचा क्षण.

आता फ्लायव्हीलवरील खूण पाहायची. ती आपल्या जागेच्या दोन बोटे पुढे सरकून गेली होती, म्हणजेच फवारा उशिरा सुटत होता. पंप पुन्हा बसवताना तो अंदाजाने आवळला गेला होता. मिस्त्रींनी पंपाचे बोल्ट सैल केले आणि आतील शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बाजूला पंप किंचित सरकवला. असे केल्याने फवारणी अलीकडे येते. इंजिन थोडे मागे नेऊन पुन्हा पुढच्याच दिशेने खुणेवर आणले, कारण तसे न केल्यास दातेचक्रांतील ढिलाई फसवते. तिसऱ्या खेपेस खूण आणि थेंब यांचा मेळ बसला. अंशांचा नेमका आकडा मात्र त्यांनी स्मरणावर न सोडता पुस्तिकेतून वाचून घेतला. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. रोटरी पंपाची रीतही निराळी. तेथे पंपाच्या व इंजिनाच्या अंगावरील खुणा जुळवतात. सुटत्या फवाऱ्यासमोर हात तर कधीच धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते.

संध्याकाळी नांगर जोडून ट्रॅक्टर त्याच चढावर नेला. आवाज एकसुरी झाला होता, धुराचा लोट विरला होता. काका काही वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हातारा नव्हता झाला, त्याचे ऐकणारे कुणी नव्हते.’’

प्रत्येक जुने इंजिन असे सुधारेल, असे नाही. लायनर खरोखरच झिजला असेल, तर टायमिंग जुळवून तो भरून येणार नाही. परंतु मोठ्या खर्चाचा आणि कर्जाचा निर्णय घेण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे पडताळून पाहणे आपल्या हाती असते. पंप उतरवताना खडूने वा छिन्नीने एक खूण करून ठेवावी आणि पुस्तिका पेटीत जपावी, एवढी दक्षता पुढचा मोठा खर्च टाळू शकते. काकांचा अर्ज त्या हंगामात बँकेत गेलाच नाही.